विधुर माशाचं दुसरं लग्न

समस्त मंडळींना कळवण्यास अत्यंत दुःख होते, की आज माझी दुपारची झोप मोडली.

लेक हॉस्टेलला जाताना खाऱ्या पाण्यातल्या क्लाउनफिशची जोडी माझ्यावर सोपवून गेली. तीन महिन्यांपूर्वी मादी मेली. आपल्याकडे विधुराला वर्षाच्या आत दुसरी करून देतात, म्हणून आज सकाळी मी चांगली थोराड मादी पसंत केली.

दुकानवाल्या नसीमभाभी म्हणाल्या, "भाऊ, घाई कावून? मादी मेली की ह्यांच्यातला नरच मादी होतो. लहान मासा न्या, तो नर राहील."

"खरं निघालं तर तुमच्या टाक्या घासून देईन!" मी हसलो.

दुपारी नवरीला पाण्यात सोडलं आणि दोघी एकमेकींवर तुटून पडल्या. लेकीच्या माशाचं शेपूट फाटलं. तो कोपऱ्यात आडवा झाला. नवरी जाळीत येईना. शेवटी भाजीच्या चाळणीनं तिला पकडलं आणि डब्यात घालून दुकान गाठलं.

"काय भाऊ, सवत आणली व्हय?"

घरून बायकोचा फोन आला, मासा पुन्हा पोहतोय.

स्थळ आणण्याआधी तुम्ही तरी विधुराला काही विचारता का हो?

मी बाह्या सरसावल्या आणि भाभींच्या पहिल्या टाकीची काच घासायला घेतली.