चौथं पान

दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधून देणं हा तिचा पेशा होता आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाहेरच्या मदतीवर चालणाऱ्या योजनांनी बायकांचं खरोखर काही भलं झालं का, हे ती वस्तीवस्तीत फिरून तपासायची. बायकांनी तिचं नावच तपासबाई पाडलं होतं. सासूबाई म्हणायच्या, "लोकांच्या सुनांना बरं विचारतेस, घरात कुणाचं चालतं म्हणून! एकदा आपल्या घरात विचार की." ती हसून विषय बदलायची. घरात कुणाचं चालतं हे दोघींनाही ठाऊक होतं.

'घरातले निर्णय कोण घेतं?' हा तिच्या प्रश्नावलीतला लाडका प्रश्न. त्याला 'दोघं मिळून' असं उत्तर आलं की ती पेन खाली ठेवायची. दारात नवरा उभा असला की बायका 'दोघं मिळून'च म्हणतात, हे वीस वर्षांत तिला पाठ झालं होतं. मग ती प्यायला पाणी मागायची, मुलांची चौकशी करायची, नुसती बसून राहायची. दारातला माणूस कंटाळून निघून गेला की खरं उत्तर यायचं. नाव कुठेही येणार नाही, असा शब्द ती प्रत्येकीला द्यायची.

त्या सकाळी चहा घेता घेता ती कुरिअरने आलेली पाच पानं चाळत होती. तिच्या जाडजूड अहवालाचा हा सोपा सारांश. प्रकल्प अधिकाऱ्याने तो वस्तीसाठी छापून घेतला होता आणि आज अकरा वाजता सभागृहात सगळ्यांना वाचून दाखवणार होता. चौथ्या पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत एका बाईचं म्हणणं होतं:

"मला वाचता येतं हे घरात कुणालाच माहीत नाही. नर्सताईंनी शिकवलं. माझ्या वडिलांनी मला दिलेली जागा नवऱ्याला दिराच्या नावावर करायची आहे, त्यासाठी माझा अंगठा हवाय. ते कागद मी रोज काढून वाचते आणि होते तसे परत ठेवते."

खाली लिहिलं होतं: शिवणवर्गाची प्रमुख, वय ४१.

तिने कप खाली ठेवला. नाव नव्हतं हे खरं. पण वस्तीत शिवणवर्ग एक आणि त्याची प्रमुखही एकच! मोठ्या कचेरीतल्या साहेबांना त्या ओळीवरून काही कळलं नसतं. वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आणि ती ओळ अधिकाऱ्याची नव्हती. तिनेच लिहिली होती, वर तीनदा तपासली होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधणाऱ्या बाईला स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसलं नव्हतं.

तिने फोन लावला. अधिकाऱ्याचा फोन बंद. पुन्हा बंद. निरोप ठेवला, तो कधी ऐकणार कोण जाणे. सासूबाई विचारत राहिल्या, "अगं, काय झालं?" आणि ही चपला शोधत होती.

बस दोन तासांची. खिडकीशी बसून ती मिनिटं मोजत होती. निष्कर्ष लोकांसमोर मांडा, ही तिचीच शिफारस. पुरुषांनाही बोलवा, हीसुद्धा तिचीच. म्हणजे तो नवरा आज तिथे बसलेला असणार, तोही हिच्याच आमंत्रणावरून. आज घरी गेल्यावर त्या बाईचं काय होईल? कागद तर नाहीसे होतीलच, पण तेवढ्यावर भागेल का? ड्रायव्हर एका थांब्यावर उतरून कुणाशी तरी गप्पा मारत बसला तेव्हा तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

सभागृहात ती पोचली तेव्हा सव्वाअकरा होऊन गेले होते. खुर्च्या भरलेल्या. शिवणवर्गाची प्रमुख मागच्या भिंतीशी हाताची घडी घालून उभी होती. तिचा नवरा दुसऱ्या रांगेत, पायावर पाय टाकून, मांडीवर प्रत उघडून. पुढे अधिकारी माइकवर तिसरं पान संपवत होता.

"थांबा!" असं ओरडावंसं तिला वाटलं. पण ओरडली असती तर सगळ्यांनी आधी तेच पान उघडलं असतं. अधिकाऱ्याने पान उलटलं आणि तो अडखळला.

"पान चार... तुमच्याकडे आहे का हो पान चार?"

सगळीकडे कागद फडफडले. कुणाकडेच नव्हतं.

"छापखानेवाल्याने खाल्लं वाटतं," अधिकारी म्हणाला. लोक हसले. नवराही हसला. "असो. पान पाच."

तपासबाई दाराजवळच्या पायरीवर बसली.

सभा पांगल्यावर ती शिवणवर्गाच्या खोलीत गेली. प्रमुख मशीनला तेल देत होती. तिने चिंध्यांच्या टोपलीत हात घातला आणि चाळीस कागदांची एक चळत टेबलावर ठेवली. सगळी चौथी पानं.

"काल साहेब गठ्ठा माझ्याकडे ठेवून गेले," ती म्हणाली. "म्हणाले, सकाळी खुर्च्यांवर तेवढा मांडा, तुम्हाला काय तो वाचायचाय! त्यांनी तरी कुठे वाचला होता? मी दुपारभर पिना काढत बसले. पुन्हा त्याच भोकांत बसवल्या."

"माझं चुकलं हो," तपासबाई म्हणाली. "फार मोठी चूक झाली माझी. नाव येणार नाही म्हणून शब्द दिला होता मी..."

"नाव नव्हतंच की," प्रमुख शांतपणे म्हणाली आणि तेलाची बाटली बंद करून फळीवर ठेवू लागली.

शेवटी तिने विचारलं, "आणि त्या जागेचं? कागदांचं काय झालं?"

प्रमुखने चिंधीला हात पुसले. मग प्रश्नावलीला द्यावं तसं स्पष्ट, सरळ उत्तर दिलं.

"आमच्या घरात सगळं दोघं मिळून ठरतं, बाई."

तपासबाईने सवयीने दाराकडे पाहिलं. दारात कुणीच नव्हतं.