याडीची चित्रफीत

औंढा नागनाथात २००७ साली कॉम्प्युटर अडला की लोक आधी त्याला चापट मारत, मग वायर काढून परत लावत, आणि तरीही भागलं नाही तर संगिताकडे येत. संगिता बसस्टँडमागच्या एका ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर खोलीची सहायक होती. खोलीत चार यंत्रं. कॉलेजचाच एक जुना विद्यार्थी पुण्यात नोकरीला होता, त्यानं कंपनीतून निघालेली ही यंत्रं पाठवली आणि स्वतः येऊन त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं. शिक्षकांनी एकदा डोकावून पाहिलं, ओळखीची बटणं ओळखीच्या जागी दिसेनात, तेव्हा हे आपल्या कामाचं नाही असं सगळ्यांनी एकमुखानं ठरवून टाकलं. संगिताला मात्र मोडायला जुनी सवयच नव्हती. तिनं आयुष्यात त्याआधी फक्त टाइपरायटर पाहिला होता. इथंही काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या असतात म्हटल्यावर तिला उलट हायसं वाटलं.

टायपिंगनंच तिच्या आयुष्याची उलथापालथ केली होती. ती साखऱ्याच्या पलीकडच्या बंजारा तांड्यावरची. बाप लहानपणीच गेलेला. बारावी झाल्यावर मोठ्या भावानं, प्रेमदासनं, मोठ्या हौसेनं तिला हिंगोलीच्या टायपिंग क्लासला घातलं, आणि तिथं शेजारच्या मशिनवर शिवहार बसायचा. शिवहार धनगराचा, घरी मेंढरं. इतका लाजरा की पहिले सहा महिने त्यानं तिच्याकडे रिबीन सोडून काही मागितलं नाही. सातव्या महिन्यात मात्र एकदम लग्नाचंच विचारलं. १९९५च्या उन्हाळ्यात, हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात होती तेव्हा, दोघांनी लग्न केलं आणि औंढ्याला खोली घेतली. तो तहसीलसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करून देऊ लागला.

पोरगी जातीबाहेर गेली याचा तांड्याला राग आलाच. पण त्याहून जिव्हारी लागली ती दुसरी गोष्ट. तांड्याची पोरगी सासरी निघते तेव्हा ढावलो म्हणते. आईला, भावाला, मावशीला, एकेकाला मिठी मारून, रडत रडत, पण चालीवर. पोरगी एक ओळ म्हणते, आई तिला उत्तर देते. कुणी नवखा ऐकेल तर त्याला वाटेल घरात कुणी वारलं. लग्न ठरलं की म्हाताऱ्या बाया पोरीला जवळ बसवून हे शिकवतात, आणि शेवटची ओळ पोरीचीच असते. ती म्हणून झाली की मिठी सुटते आणि पोरगी निघते. संगिता यातलं काहीच न करता, पहाटेच्या एसटीनं गेली होती. तिला ढावलो येतही नव्हता.

चार महिन्यांनी सेनगावच्या बाजारात प्रेमदास तिला भेटला. भेटला म्हणजे समोर आला. त्यानं तिच्याकडे न बघता सांगितलं, "याडीनं तुझ्या नावानं आंघोळ केली. आता पुन्हा इकडं येऊ नको."

याडी म्हणजे आई. चतुराबाई. संगिताच्या काळजात तेव्हा जे धस्स झालं ते पुढं बारा वर्षं तसंच राहिलं. तिनं दोन पत्रं धाडली, उत्तर आलं नाही. आईला वाचता येत नव्हतं आणि वाचून दाखवणारा प्रेमदासच. २००१ साली साखऱ्याचा एक माणूस शिवहारकडे अर्ज टाइप करायला आला आणि बोलता बोलता म्हणाला की तांड्यावरची चतुराबाई जाऊन पंधरा दिवस झाले. शिवहारनं अर्ज अर्धा सोडला आणि घरी येऊन बायकोला सांगितलं. ती रडली नाही. ज्या आईनं आपल्याला आधीच मारून टाकलं तिच्यासाठी रडायचा आपल्याला हक्क आहे की नाही, हेच तिला ठरवता येईना. आईचा एखादा फोटोही तिच्याकडे नव्हता. चार-पाच वर्षांत ती आईचा चेहरा विसरत चालली, आणि हे तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

कॉलेजात इंटरनेट आलं ते ऑफिसच्या फोनच्या तारेतून. इंटरनेट चालू असलं की फोन बंद आणि फोन उचलला की इंटरनेट बंद. प्राचार्य शेषराव सरांना तर दर दहा मिनिटांनी कुणाला तरी फोन करायची खोड. म्हणून खरं काम व्हायचं ते रविवारी. अशाच एका रविवारी दुपारी संगितानं, इतर लोक पहिल्यांदा आपलं नाव शोधतात तसं, आपल्या तालुक्याचं आणि बंजारा समाजाचं नाव इंग्रजीत टाइप करून पाहिलं.

कुणा परदेशी अभ्यासकाचं पान निघालं. तो १९९७ साली मराठवाड्यात गाणी गोळा करत फिरला होता. गावांची यादी, खाली नावं. यादीत साखरा होतं. साखऱ्यासमोर लिहिलं होतं: चतुराबाई, वय अंदाजे पन्नास.

नावाखाली एक करडी चौकट होती आणि चौकटीखाली इंग्रजीत एक ओळ. संगिता इंग्रजी शब्द शब्द लावून वाचायची, पण ही ओळ तिला एका दमात कळली. मेलेल्या मुलीसाठी आईचा विलाप.

चतुराबाईला मुलगी एकच होती.

म्हणजे प्रेमदासनं रागाच्या भरात काहीतरी सांगितलं नव्हतं. खरोखरच आंघोळ झाली होती, आणि वर परक्या माणसाला बसवून आईनं तो शोक गाऊनही दाखवला होता. संगितानं यंत्र बंदसुद्धा केलं नाही, तशीच घरी गेली आणि शिवहारला सगळं सांगितलं. त्यानं साधा सल्ला दिला. म्हणाला, बघूच नको, ते पान पुन्हा उघडूच नको. सल्ला चांगला होता आणि ती तो ऐकणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. आई आपल्याला मेलेली समजून कशी रडली, हे तरी तिला बघायचं होतं. आईचा चेहरा बघायचा तर आता दुसरी जागाच नव्हती.

पण करडी चौकट काही उघडेना. चित्रफीत दाखवायला लागणारं प्लगिन या यंत्रावर नाही, असं ब्राउझर वरच्या पट्टीत सांगत होता. शेजारीच ते बसवण्याचं बटण होतं. ते दाबलं की यंत्र बराच वेळ शोधल्याचं सोंग करायचं आणि काही सापडलं नाही म्हणून हात वर करायचं. दुसऱ्या कुणी यंत्राला शिव्या घातल्या असत्या. संगितानं लिनक्सवाल्यांच्या मदतीच्या पानावर मोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला. कुठल्याशा देशातल्या माणसानं तीन दिवसांनी उत्तर दिलं, त्यात आज्ञांच्या सहा ओळी होत्या. त्या तिनं वहीत उतरवून घेतल्या, प्रत्येक टिंब आणि प्रत्येक मोकळी जागा पेन्सिलीनं खूण करून.

पुढच्या रविवारी तिनं फाइल उतरवायला लावली. अर्धी झाली आणि शेषराव सर कसलेसे कागद न्यायला ऑफिसात आले. आले ते आले, सवयीनं फोनही उचलला. उतरलेलं सगळं गेलं. एरवी त्यांच्यापुढं मान वर न करणारी संगिता ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, दोन घंटे फोनला हात लावू नका." ते इतके चकित झाले की खरोखर कागद घेऊन घरी गेले.

फाइल उतरली. गाठोडं सोडावं तशी ती एका आज्ञेनं सोडायची, आणि आतलं प्लगिन ब्राउझरच्या फोल्डरात नेऊन ठेवायचं. तो फोल्डरच दिसेना. वहीत पाहिलं तर नावाआधी टिंब होतं. लिनक्समध्ये टिंबानं सुरू होणारं नाव लपलेलं असतं, मागितल्याशिवाय दिसत नाही. तिनं लपलेलं दाखवायला सांगितलं, फोल्डर सापडला, फाइल आत ठेवली, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. करडी चौकट आधी काळी झाली, आणि मग तिच्यात आई आली.

संगिता खुर्ची सरकवून मागं झाली. आई हलत होती. आरसे लावलेली ओढणी, हातात कोपरापर्यंत बांगड्या, हनुवटीवर गोंदण. हे गोंदण ती साफ विसरून गेली होती. आई घरातल्या मधल्या मेढीजवळ, लाकडी खांबाजवळ उभी होती. ती समोर कुणाकडे तरी बघून काही बोलली, मग वळली आणि त्या खांबाला दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारली. तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, मान डोलत होती. चार मिनिटं. आणि आवाज मुळीच नाही. मुकं रडणं.

तांड्यावर माणूस गेल्यावर बाया रडतात ते संगितानं पाहिलं होतं, जमिनीवर बसून, कपाळ बडवून. खांबाला मिठी मारून कुणी रडताना पाहिलं नव्हतं. आपल्यासाठी आईनं रडायची कुठली ही नवी तऱ्हा काढली? तिनं स्पीकरची वायर पाहिली, आवाज वाढवून पाहिला. मदतीच्या पानावरच्या त्या भल्या माणसानं पुन्हा कळवलं की चित्र उलगडणारा भाग बसला आहे, आवाज उलगडणारा निराळा बसवावा लागतो. म्हणजे अजून एक आठवडा. त्या आठवड्यात संगिता जेवली काय आणि झोपली काय, तिलाच माहीत.

तिसऱ्या रविवारी शिवहार बरोबर आला आणि शेजारी स्टूल ओढून बसला. आवाजाचं पॅकेज बसायला तासभर गेला. ते आणखी दोन पॅकेजं मागत होतं, तीही घातली. मग तिनं बटण दाबलं आणि नवऱ्याचं मनगट धरलं.

आधी खरखर, कोंबडी, कुठंतरी लेकरू. मग एका परक्या माणसानं मोडक्या हिंदीत विचारलं की हे गाणं कुणासाठी. चौकटीबाहेरून प्रेमदासचा आवाज आला, "लडकी मर गई इसकी."

आणि तेव्हा आईनं त्या बाजूला पाहिलं. मागच्या रविवारी जे ओठ नुसते हलले होते त्यांतून आवाज आला, घोगरा, ठाम.

"मेली न्हाई. औंढ्याला दिलीय मी तिला. पाठवणी तेवढी राहिली व्हती."

परक्या माणसाला मराठी कळली नसणार. त्यानं प्रेमदासचंच हिंदी लिहून घेतलं आणि ते जगभर टांगून ठेवलं. इकडं आईनं खांबाला मिठी मारली आणि सूर लावला. तो मरणाचा सूर नव्हताच. ढावलो होता. आई पोरीची ओळ म्हणत होती, याडी, तुझ्या अंगणातली मी आता परक्या गावची. मग आवाज जरा खाली आणून आईची ओळ म्हणत होती, जा बाई, पाणी गोड लागो तुला तिथलं. पुन्हा पोरीची. पुन्हा स्वतःची. पळून गेलेल्या पोरीच्या वाटचंही तीच रडत होती, ओळीमागून ओळ, आणि मिठी मारायला पोरगी नव्हती म्हणून तिनं खांब धरला होता.

शेवटाला आईनं आपली ओळ संपवली आणि ती गप्प झाली. खांब तसाच धरलेला. परक्या माणसानं विचारलं, खतम? आईनं मान हलवली.

"थांबा. तिचं राहिलंय."

कॅमेरा आणखी अकरा सेकंद चालू होता. आई खांबाला धरून वाट बघत होती. मग चौकट काळी झाली.

संगितानं चित्रफीत पुन्हा सुरुवातीला नेली. दुसऱ्यांदा ओठ हलवत ऐकली. तिसऱ्यांदा पोरीच्या ओळी आईबरोबर हळू आवाजात म्हटल्या. इतर पोरींना शिकवतात तशीच ती शिकत होती, आईच्याच तोंडून. चौथ्यांदा ती अकरा सेकंद आली तेव्हा तिनं त्याच चालीवर एक ओळ म्हटली, मोठ्यानं, आणि म्हणता म्हणता बारा वर्षांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं.

शिवहारला तांड्याची बोली कळत नव्हती. बायकोला कधी रडताना पाहिलं नव्हतं म्हणून तोही गांगरून गेला होता. जरा वेळानं त्यानं भीत भीत विचारलं, "काय म्हणलीस तिला?"

"निघते म्हणून सांगितलं," संगिता म्हणाली.