चौघांनी उचलायचं नाही

“डाव्या पायाचा अंगठा वर करा,” डॉक्टर म्हणाले.

मी केला. निदान मला तसं वाटलं. मी खाटेवर उताणा पडलो होतो, डोळे छताकडे, आणि अंगठा मनातल्या मनात चांगला ताठ उभा केला होता.

“करा ना.”

“केलाय की.”

डॉक्टरांनी माझी मान हाताने थोडी उचलून धरली आणि मला माझे पाय दाखवले. उजवा अंगठा छताकडे बघत होता. डावा झोपला होता. मी पुन्हा हुकूम सोडला. ऑफिसच्या दारात बसलेला शिपाई हाक ऐकून न ऐकल्यासारखं करतो, तसं त्याने केलं.

“स्लिप डिस्क,” डॉक्टर म्हणाले. पाठीच्या दोन मणक्यांमध्ये एक मऊ गादी असते. ती मागे सरकली की पायाकडे जाणारी नस दाबली जाते. त्यांनी दोन काडेपेट्यांमध्ये ओल्या कापसाचा बोळा ठेवला आणि दाबला. बोळा मागच्या बाजूने बाहेर आला. कमरेपासून पावलापर्यंत माझ्या पायात जी वीज उतरत होती तिचं नाव सायटिका. आणि अंगठा उठत नाही, याचा अर्थ नस नुसती दुखावली नाही, मरायला लागली आहे.

“काम काय करता?”

“ड्रायव्हर. साखर कारखान्याच्या अँब्युलन्सवर.”

“नुसतं बसून मणका असा जात नाही. ओझं काय उचलता?”

“माणसं.”

“किती जण मिळून?”

“एकटाच.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “हा ड्रायव्हरचा मणका नाही,” ते म्हणाले. “हमालाचा आहे.”

गोष्ट गेल्या गळीत हंगामातली आहे. ज्यांची कंबर आज नुसतीच ‘भरून येते’ त्यांनी ही वाचावी. ज्यांच्या घरात कधी ना कधी कुणी आजारी पडणार आहे, त्यांनीही वाचावी. म्हणजे कुणी सुटलं नाही.

अँब्युलन्सवर नोकरी लागायला काय लागतं, असं लोक मला विचारतात. जड वाहनाचं लायसन, सातवी पास आणि प्रथमोपचाराचा दाखला. दाखल्यासाठी नगरला वर्ग असतो. आम्ही एकमेकांवरच पट्ट्या बांधायला शिकलो. मी कारखान्याच्या गॅदरिंगला नाटकात काम करतो, त्यामुळे हाड मोडलेला माणूस मी असा वठवला की शिकवणाऱ्या बाईंनी मला शेवटपर्यंत जखमीच ठेवलं. सगळ्यांनी मला बांधलं, मी कुणाला बांधलं नाही. परीक्षेत प्रश्न आला, जखमीला किती जणांनी उचलावं. मी लिहिलं, चौघांनी. मार्क मिळाले. ते चौघे नंतर मला कधीच भेटले नाहीत.

पगार ऊस ओढणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरपेक्षा कमी. कारण काय, तर आमची गाडी बराच वेळ उभी असते. म्हणजे तालुक्यातली माणसं धडधाकट राहिली तर आम्ही फुकट खातो. बाकी दोन खाकी ड्रेस, सवलतीची साखर आणि राहायला क्वार्टर. गाडी गेली की क्वार्टरही जातं.

गाडीवर माणसं दोन मंजूर आहेत. एक ड्रायव्हर आणि दुसरा अटेंडंट, म्हणजे पेशंटला उचलणारा आणि त्याच्याजवळ बसणारा. आमचा अटेंडंट बाजीराव. चेअरमनसाहेबांच्या बहिणीचा मुलगा, तालमीतली छाती. ती छाती आमच्या गाडीत कधी शिरली नाही. औषधाच्या वासाने त्याला मळमळतं. म्हणून तो चेअरमनसाहेबांच्या मोसंबीच्या बागेत देखरेख करायचा आणि पगार अटेंडंटचा घ्यायचा. हे कुणापासून लपलेलं नव्हतं. लपवलं असतं तर मला निदान एवढा राग आला नसता.

दुसरी अडचण आमच्या लोकांची. स्ट्रेचर म्हणजे दोन लांब दांडे आणि मधे कापड. ते गाडीतून बाहेर काढलं रे काढलं की घरातली एखादी म्हातारी आडवी येणार. “तसलं नगं बाबा. जित्या माणसाला चौघांनी उचलायचं न्हाई.” तिला त्यात तिरडी दिसते. मग चार बापे माझ्याकडे बघणार. “डायवर, तुमी हाय न्हवं. घ्या पाठुंगळी.” त्यात पेशंट ऊसतोडीचा असला तर विचारूच नका. कुठल्या वाडीचा, कोण जातीचा, हात कशाला लावा. हीच माणसं कुणी मेलं की खांदा द्यायला रांग लावतात. मेलेल्याचं वजन सगळ्यांना पेलतं. जिवंत माणूस मात्र माझ्या एकट्याच्या पाठीवर.

कंबर मोडली ती एका माजी पाटलांखाली. वस्ती आडबाजूला, पोटात अपेंडिक्स फुटायला आलेलं, आणि वाटेत पाटाचं पाणी फुटून चिखल. देह असा की बैलगाडीचीही एक बाजू खाली जावी. स्ट्रेचरला म्हातारीने नकार दिला. मी पाटलांना पाठीवर घेतलं. मागून तीन मुलगे चालत होते. थोरल्याने वडिलांवर छत्री धरली होती, मधल्याच्या हातात पाण्याचा तांब्या, धाकट्याच्या हातात वडिलांच्या चपला. चिखलाच्या मधोमध माझ्या कमरेत वाळकं लाकूड मोडल्यासारखं झालं. पाटील जगले. त्यांच्या चपलाही सुखरूप पोचल्या.

पुढे मी तेच केलं जे तुम्ही करता. तेल चोळलं, विटेने शेकलं, पट्टा आवळला, आणि आणखी माणसं उचलली. मग क्लचवरून डावा पाय उचलायला उशीर व्हायला लागला. गाडी गचके खायची, मी इंजिनाला शिव्या द्यायचो. एका सकाळी दात घासायला वाकलो आणि मोरीपाशीच आडवा झालो. उठता येईना, कुशीवर वळता येईना.

कारखान्याच्या दवाखान्यातले कंपाउंडर येऊन सांगून गेले, याला सपाट न्या, पाठीवर घेऊ नका. म्हणजे स्ट्रेचर. बदली ड्रायव्हर शंकर गाडी घेऊन आला, पण एकटाच. माझी बायको सुमन चप्पल घालून निघाली आणि मोसंबीच्या बागेतून बाजीरावाला दंडाला धरून घेऊन आली.

“वहिनी, मला वासानं मळमळतंय.”

“मळमळू द्या. माझा रुमाल घ्या.”

दोघांनी दांडे धरले, पण क्वार्टरच्या दारात वळण अरुंद, मी घसरायला लागलो. शेजारचे दोघे धावले. चौघे झाले. आणि आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाई दारात आडव्या. “चौघांनी न्हाई. माझी पोर उघडी पडंल.”

“आई, बाजूला हो, ते मरायला लागलेत,” सुमन म्हणाली.

“म्हून तर म्हंते.”

मी खाली लोंबकळत होतो. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना हसलो, पण खरं सांगतो, दांडे वर गेले आणि छत सरकायला लागलं तेव्हा मलाही तिरडीच दिसली. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या चौघांकडे. मग पदर खोचला आणि माझ्या डोक्याखाली कापडाला स्वतःचा हात लावला. “आता पाच झालो,” त्या म्हणाल्या. “पाच म्हंजी ओटीचं. चला बिगीबिगी.”

मी अँब्युलन्स इतकी वर्षं चालवली, पण तिच्या मागच्या बाजूला काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. रस्त्यातला प्रत्येक खड्डा मला ओळखत होता. समोरून शंकर ओरडत होता, “हे काय, आलंच.” हे वाक्य माझंच. शेकडो लोकांना मी ते फेकलेलं. शेजारी अटेंडंट बाजीराव खिडकीतून डोकं बाहेर काढून ओकत होता. पेशंट मी, आणि हात लांब करून त्याची पाठ मीच चोळत होतो.

तर अशा थाटात मी नगरला पोचलो आणि अंगठ्याची परीक्षा नापास झालो.

एक्स-रेमध्ये ही गादी दिसत नाही, हे ध्यानात ठेवा. फक्त दोन मणक्यांमधली जागा कमी झालेली दिसते. उपचार ट्रॅक्शन. पायाला चिकटपट्टी, तिला दोरी, दोरी कप्पीवरून खाली, टोकाला वाळूच्या पिशव्या आणि खाटेच्या पायाखाली विटा. मणके ओढून धरायचे, गादीला परत जायला वाट करून द्यायची. अंथरुणाखाली लाकडी फळी. उठायचं नाही, बसायचं नाही. डॉक्टर म्हणाले, “अंगठा परत आला तर ठीक. नाही आला तर ऑपरेशन. तरीही नाही आला तर गाडी विसरा.”

गाडी विसरली की क्वार्टर, सुमन, सासूबाई, सगळंच रस्त्यावर. म्हणजे आमचं घर त्या एका अंगठ्यावर उभं होतं. रोज सकाळी डॉक्टर खाटेशी थांबायचे. “वर करा.” मी जीव एकवटायचो. अंगठा ढिम्म. ते मान हलवून पुढे जायचे.

एके दिवशी कारखान्याचे लेबर ऑफिसर भेटायला आले. पांढरी पँट, हातात मोसंब्यांची पिशवी.

“रंगनाथ, कामावरचा अपघात म्हणून मला हे दाखवता येत नाही,” ते हळू आवाजात म्हणाले. “तुमची नेमणूक ड्रायव्हरची आहे. पेशंट उचलणं तुमचं कामच नाही. रजा बिनपगारी टाकावी लागेल.”

“माझं नाही तर कुणाचं काम आहे, साहेब?”

“अटेंडंटचं.”

“तो कुठं असतो?”

साहेबांनी पिशवी पुढे केली. “ही घ्या. चेअरमनसाहेबांच्या बागेतली आहेत.”

“मग अटेंडंटनेच तोडली असतील,” मी म्हणालो.

साहेबांनी पिशवी खाटेखाली सरकवली आणि ते निघाले. ते गेल्यावर मला पायाला बांधलेल्या पिशव्या सोडवून कुणाच्या तरी डोक्यात घालाव्याशा वाटल्या. पण दोरी तोकडी होती. मोसंबी फार गोड निघाली, त्याचाही राग आला. सुमनने सालं गोळा करून बाहेर नेऊन टाकली आणि म्हणाली, “राग अंगठ्यात घाला.”

मी घातला. रोज सकाळी डॉक्टर “वर करा” म्हणाले की मी डोळ्यांपुढे छत्री, तांब्या, चपला, मोसंबी आणि ती पांढरी पँट आणायचो. किती सकाळी गेल्या कोण जाणे. एका सकाळी डॉक्टर पुढे गेले नाहीत. ते वाकले. मग सिस्टरला हाक मारली. “हे बघा.” मला वाटलं आता ऑपरेशन. त्यांनी माझी मान पुन्हा उचलून धरली. डावा अंगठा, झोपेतून उठवलेल्या म्हाताऱ्यासारखा, गव्हाच्या दाण्याएवढा वर आला होता.

सुटताना त्यांनी पोलादी पट्ट्यांचा कंबरपट्टा दिला आणि एकच वाक्य सांगितलं. “घागर उचलायची नाही, माणूस तर नाहीच. पुढच्या वेळी हा अंगठा परत येणार नाही.”

कामावर हजर झालो आणि थोड्याच दिवसांत, भर दुपारी, कारखान्याच्या यार्डात उसाची बैलगाडी उलटली. पाथर्डीकडचा गाडीवान, मांडी चाकाखाली. लोकांनी चाक उचलून त्याला बाहेर ओढलं होतं. रक्त थांबत नव्हतं. मी मांडी आवळून बांधली. पट्ट्या बांधायला शेवटी शिकलो ते असं. त्याचा भाऊ म्हणाला, “डायवर, घ्या की पाठीवर.”

मी स्ट्रेचर काढलं. त्याची आई मधे पडली. “तसलं नगं रं. चौघांनी न्हाई.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नेहमीसारखे. बाजीराव बागेत. गर्दीच्या कडेला लेबर ऑफिसर उभे होते. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि नाटकातला राजा बोलतो तेवढ्या आवाजात म्हणालो, “उचलणं माझं काम नाही, हा कारखान्याचा हुकूम आहे. साहेबांनीच सांगितलाय. साहेब, दांड्याचं मागचं डावं टोक तुमचं.”

साहेब लाल झाले. पण सगळं यार्ड बघत होतं, आणि खाली रक्त. ते पुढे आले. भावाने पुढचं एक टोक धरलं, दोन गाडीवानांनी उरलेली दोन.

म्हातारीचा हात अजून आडवा होता. मी तिच्याशेजारी गेलो. “मावशी, मोजा. हे चार. पाचवा हात तुमचा, लेकाच्या डोक्याखाली. पाच म्हंजी ओटीचं.”

तिने एकदा मोजलं. मग हात लावला.

हे सांगायला वेळ लागला, घडायला विडी पेटवण्याएवढाही लागला नाही. मी फक्त दार उघडलं आणि गाडी चालवली. साहेब तसेच मागे बसून नगरपर्यंत आले. उतरल्यावर त्यांनी पांढऱ्या पँटवरच्या रक्ताकडे बराच वेळ बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजीरावाला बागेतून बोलावून घेतलं. गाडीवानाचा पाय वाचला.

बाजीराव आता गाडीत बसतो. लिंबू हुंगत बसतो, पण बसतो आणि उचलतोही. मोसंबीच्या बागेला दुसरा कुणी अटेंडंट मिळाला असेल. माझी रजा बिनपगारीच राहिली. थंडीत माझा अंगठा अजून उशिरा जागा होतो, आणि तो जागा होईपर्यंत मी रोज नव्याने चिडतो. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण हात जोडायचे तर आधी सासूबाईंना जोडतो. मी परीक्षेत चार लिहून पास झालो, त्या पाच म्हणून जिंकल्या.

कमरेतून पायात वीज उतरली तर तेल चोळत बसू नका, अंगठा वर होतो का बघा. आणि तुमच्या गल्लीत आमची गाडी आली तर दारात उभे राहून बघू नका. माझ्या मयताला आलात, न आलात, मला कळणार नाही, तेव्हा मी मोजायला नसेन. आत्ता मी मोजतोय. या आणि एक दांडा धरा.