अर्धा धुतलेला सदरा

"अर्धं माझं, अर्धं तुमचं," असं म्हणत मामा सदऱ्याच्या पाठीवर मधोमध खडूची रेघ मारायचे. गळ्यापासून थेट खालच्या घेरापर्यंत. रेघ इतकी सरळ की शिंप्यानं मान डोलवावी. मग रेघेच्या डावीकडचा भाग बादलीत जायचा आणि उजवीकडचा त्यांच्या खांद्यावर पडून राहायचा. पाच मिनिटांत डावी बाजू लख्ख, उजवी जशीच्या तशी कळकट. तो सदरा दोन्ही हातांनी उंच धरून ते गर्दीत फिरवायचे आणि मालकाला परत देताना सोबत पावडरीची छोटी पुडी द्यायचे. "उरलेलं घरी धुवा. न्हाई निघालं, तर फुडच्या बाजारी मला धुवा."

तुम्ही सातारा-सांगलीकडचे असाल आणि वयानं माझ्या आसपास असाल, तर हा माणूस तुम्ही पाहिलेला असणार. नाव आठवणार नाही. आम्हालाही ते पगाराच्या दिवशीच दिसायचं. कंपनीच्या कागदावर ते 'प्रात्यक्षिककार' होते, बाजारात 'पावडरवाले मामा'.

कंपनी मुंबईची, धुण्याची पावडर काढणारी. आता ती नाही, त्यामुळे तिचं नाव घेऊन कुणाचं भलं होणार नाही. सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. खेड्यात पावडर म्हणजे तोंडाला लावायची, एवढंच ठाऊक. कपड्याला सोडा किंवा साबणाची वडी, आणि त्याहून जास्त म्हणजे धोपटणं. ही समजूत बदलण्यासाठी कंपनीनं सांगलीत एक गाडी, एक कर्णा, एक ड्रायव्हर आणि मामा एवढं सैन्य उभं केलं. मी बी.कॉम. होऊन नुकताच चिकटलो होतो. माझं काम प्रत्येक बाजाराचा अहवाल लिहून मुंबईला पाठवण्याचं. किती माणसं जमली, काय विचारलं, काय म्हणाली. मला लिहिण्याची हौस होती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या हौसेनं केला.

मामा पूर्वी सांगलीत एका लाँड्रीत होते. तिथं त्यांना कपडा वाचायची सवय लागलेली. मेढ्याच्या बाजारात एकानं धोतर दिलं, तर मामांनी ते नाकाशी नेलं आणि विचारलं, "पावनं, म्हस व्याली वाटतं?" व्याली होती, आदल्याच दिवशी. त्या गृहस्थानं पावडर घेतली नाही, पण मामांना खरवस खायला घरी ओढून नेलं. मी अहवालात लिहिलं, 'ग्राहकाशी उत्तम संबंध.'

बायका एक प्रश्न हमखास विचारायच्या. "हातं जळजळत्यात का हो ह्यानं?" छापील उत्तर होतं की पावडर हातांना सुखकर आहे. मामा आपले दोन्ही तळवे पुढं करायचे. कातडी सोललेली, लालबुंद. "जळजळत्यात की. लावा खोबरेल." मी कपाळाला हात लावायचो. पण पुड्या खपायच्या त्या नेमक्या या उत्तरानंतर. ज्यानं वाईट सांगितलं, त्यानं चांगलं सांगितलेलंही खरंच असणार, असा बायकांचा हिशेब असावा. मुंबईला हे कधीच पटलं नाही.

वडूजला गेलो ते ऐन दुष्काळात. गाडीत प्रात्यक्षिकासाठी पाण्याचं पिंप, आणि समोर हंडे-कळश्या घेऊन टँकरची वाट बघणाऱ्या बाया. मामांनी बादली खाली ठेवली. म्हणाले, "सायेब, हितं फेस काढला तर जल्मभर तोंड दाखवता यायचं न्हाई." त्यांनी पिंपाची तोटी उघडली आणि पाणी संपेपर्यंत कळश्या भरून दिल्या. मी लिहिलं, 'प्रात्यक्षिक झाले नाही. पाणी वाटले.' मुंबईहून एका ओळीचं उत्तर आलं, 'पाणी वाटताना कंपनीचे नाव पुकारले होते काय?'

आता त्या गावाविषयी. शिराळा तालुक्यातलं गाव. भोवती ऊस, आणि प्रत्येक आळीत एक-दोन घरं फौजेतली. नाव सांगत नाही. एकदा लिहून बसलो, तेवढं पुरे.

मामांनी कर्ण्यातून पुकारा केला, "गावातला सगळ्यात मळका सदरा आना!" वीस-बावीस वर्षांचा एक गडी हसत घरी पळाला आणि सदरा घेऊन आला. मळखाऊ पट्ट्यांचा. गळपट्टीवर घामाचा काळा थर, बाहीवर चिखलाचे वाळलेले डाग. माणसं हसली. मामांनी रेघ मारली, डावी बाजू बुडवली, चोळली, उंच धरली. चार टाळ्याही पडल्या.

तेवढ्यात त्या गड्याची आई आली. धावत नव्हती, नुसती चालत होती. पण गर्दी आपोआप बाजूला झाली, त्यावरून काहीतरी चुकलंय हे मला कळलं.

"कुनी काढला ह्यो खुटीवरनं?" तिनं विचारलं.

धाकट्याचं हसू तिथंच मावळलं. सदरा त्याच्या थोरल्या भावाचा होता. लढाईच्या आधी तो सुट्टीवर आला, तेव्हा उसाला पाणी पाजताना घातलेला. सुट्टी संपवून गेला आणि मग त्याची तारच आली. त्याला वर्ष उलटलं, तरी आईनं सदरा खुंटीवर तसाच ठेवला होता. का ठेवलाय, हे तिनं सांगितलं नव्हतं आणि घरातल्या गड्यांनी विचारलं नव्हतं. धाकट्याला वाटलं, मळलेला आहे म्हणून लोंबतोय.

"त्येचा वास हुता रं त्यात," ती मामांना म्हणाली.

मामांची नजर तिच्याकडं नव्हती, सदऱ्यावर होती. ओल्या बाजूचं पाणी कापडातून रेघ ओलांडून कोरड्या बाजूत चढत होतं. रोज चढायचं, रोज कुणाचं काही बिघडत नसे. मामांनी रेघेच्या पलीकडं कापड दोन्ही मुठींत घट्ट आवळलं आणि ओरडले, "सायेब, कातर! त्या शिंप्याकडनं कातर आना, पळा!"

मी पळालो. आलो तेव्हा ते तिला विचारत होते, "आई, कापू का? न्हाईतर सगळ्यात पानी जाईल."

तिनं होकारार्थी मान हलवली. मामांनी मुठी सोडल्या नाहीत, कातर मला चालवायला लावली. गळपट्टीच्या शिवणीवर ती अडली, तिथं मामांनी दातानं दोरा तोडला. सदऱ्याचे दोन तुकडे झाले. कोरडा तुकडा तिनं नाकाला लावला. सगळा बाजार तिच्या तोंडाकडं बघत होता.

"हाय," ती म्हणाली. "हाय अजून."

मग ओला तुकडाही तिनं मागून घेतला, पिळला, आणि दोन्ही घेऊन गेली.

परतताना गाडीत मामा एवढंच बोलले, "कुनाचा सदरा, म्हनून म्या इचाराय पायजे हुतं." त्या दिवसापासून त्यांनी दुसऱ्याचा कपडा घेणं सोडलं. अंगातला सदरा काढायचे, बनियनवर उभे राहायचे आणि तोच अर्धा धुवायचे. 'अर्धं माझं, अर्धं तुमचं' ही घोषणाही बंद झाली. लोकांना मजा कमी वाटायची. खप थोडा उतरला.

मी मात्र त्या बाजाराचा अहवाल तीन पानी लिहिला. गावाचं नाव, आळी, आईचं बोलणं, कातर, सगळं. फार चांगला उतरलाय हे मला लिहितानाच कळत होतं. आज त्याचीच जास्त लाज वाटते.

पंधरा दिवसांत मुंबईहून जाहिरात खात्याचे साहेब सांगलीत हजर. सोबत फोटोग्राफर, आणि हातात माझा अहवाल, लाल पेन्सिलीनं ठिकठिकाणी खुणा केलेला. त्यांनी माझी पाठ थोपटली. "ही बाई म्हणजे आपली जाहिरात आहे. लोक पावडर घेत नाहीत, भावना घेतात."

"काय घेत्यात?" मामांनी विचारलं. साहेबांनी पुन्हा सांगितलं.

गाडी त्या गावच्या वेशीपाशी थांबली. "तुमी हितंच ऱ्हावा, म्या इचारून येतो," असं साहेबांना सांगून मामांनी मला बरोबर घेतलं. ती सोप्यात तांदूळ निवडत बसली होती.

"आई, मुंबैस्नं फोटूवालं आल्यात," मामा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "तुमचा आन् त्या सदऱ्याचा फोटू पायजे म्हनत्यात. पेपरात येईल."

"कशापायी?"

"पावडर खपावी म्हनून."

तिनं दोन खडे वेचून बाजूला टाकले. "माझ्या पोराचं नाव लिवत्याल का त्यात?"

"न्हाई. कंपनीचं लिवत्याल."

"मग नगं."

"नगंच," मामा म्हणाले, आणि वळले.

वेशीपाशी येऊन त्यांनी साहेबांना सांगितलं, "बाई न्हाईत घरात. लेकीकडं गेल्यात, चिपळूनला. कवा येतील सांगता येत न्हाई." इतक्या बाजारांत मामांच्या तोंडून मी खोटा शब्द ऐकला नव्हता. हा ऐकला. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मीही मान डोलावली. तीन पानांची एवढीच भरपाई माझ्याकडून झाली.

साहेब हिरमुसले, पण अडून राहणाऱ्यातले नव्हते. "हरकत नाही. आई काय, मुंबईतही मिळते."

मिळाली. श्रावण लागता लागता आमची गाडी रंगवून आली. एका बाजूला, अख्ख्या पत्र्यावर, एक गोरीपान आई अर्धा शुभ्र अर्धा मळका सदरा छातीशी धरून हसत होती. शेजारी तिचा मुलगा फौजी गणवेशात, तोही हसत, धडधाकट, जिवंत. पट्ट्यांचा सदरा साहेबांनी फौजी हिरवा केला होता. खाली ठळक अक्षरांत मामांचंच वाक्य : 'अर्धं माझं, अर्धं तुमचं'. बरोबर एका खोक्यात बारा हिरवे सदरे, कारखान्यातच एकसारखे मळवलेले. प्रत्येक बाजारात एक अर्धा धुवून चित्राशेजारी टांगावा, अशी सूचना होती.

मामांनी त्यातला एक सदरा हुंगला आणि परत खोक्यात टाकला. "ह्यात मानूसच न्हाई," म्हणाले.

पहिलाच बाजार शिराळ्याचा, नागपंचमीच्या आधीचा. लाह्यांचे ढीग, बांगड्यांची दुकानं, माहेरवाशिणींची गर्दी. मामांनी पहिल्या सदऱ्यावर रेघ मारली आणि मान वर केली, तर ती आई लेकीबरोबर लाह्यांपाशी उभी. तिनंही मामांना पाहिलं. लाह्या पदरात घेऊन ती सरळ आमच्याकडं यायला लागली. मध्ये गर्दी होती म्हणून. नाहीतर तिला गाडीवरचं चित्र दिसलंच असतं.

मी इतका घाबरलो की जागचा हललो नाही. मामांनी अख्खं खोकं पिंपात उपडं केलं. बाराच्या बारा सदरे, सबंध. वरून पावडरीचा पुडा. दोन्ही हातांनी ढवळून, न खळबळता, फेस गळतानाच ते गाडीच्या वरच्या दोरीवर टाकत सुटले, एकाला एक चिकटून. "टोक वडा, सायेब! अजून वडा!" चित्रातली आई झाकली. सदरा झाकला, वाक्य झाकलं. फौजीचा चेहरा तेवढा उरला होता, त्यावर मामांनी बारावा सदरा ओढला.

"वळखलंस का?" ती येऊन उभी राहिली.

"वळखलं की, आई." मामांना धाप लागली होती.

तिनं दोरीकडं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. "लय धुनं काढलंस रं आज?"

"व्हय. साटलं हुतं."

"तू तर अर्धंच धुतूस न्हवं?"

"न्हाई आई. आता सगळंच धुतो."

ती बरं म्हणाली. पदरातल्या मूठभर लाह्या तिनं मामांच्या ओल्या तळहातावर ठेवल्या आणि लेकीच्या मागं बांगड्यांच्या दुकानाकडं गेली.

मामांनी त्या लाह्या उभ्या उभ्या खाल्ल्या. डोक्यावरची कंपनीची टोपी काढून बॉनेटवर ठेवली, पिशवी काखोटीला मारली. "येतो, सायेब. सदरं इतक्यात काढू नका. ती बाजारात हाय अजून." आणि एस.टी. स्टँडच्या दिशेनं चालायला लागले. मी त्यांना अडवलं नाही. पुन्हा ते कुठं भेटले नाहीत. सांगलीत त्या जुन्या लाँड्रीतही मी विचारून आलो.

तिच्या गावचा आणि शिराळ्याचा बाजार मी पुढं फेरीतून काढून टाकला. अहवालात कारण लिहिलं, 'रस्ता खराब.' कंपनीला पाठवलेला माझा तो सगळ्यात छोटा अहवाल.

त्या दिवशी मात्र श्रावणाची सर येत होती, जात होती. सदरे काही वाळेनात. ड्रायव्हरनं दोनदा भोंगा वाजवला. बाजार उठला, लाह्यावाल्यांनी पाट्या डोक्यावर घेतल्या, तरी मी दोरीला हात लावला नाही.