बाळंतिणीच्या खोलीवरचा पत्रा

माझ्या वडलांनी, आप्पांनी, घरावर पत्रा घातला तो माझ्यासाठी. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी त्यांना शिव्या घालायला नको. शिव्या घालायच्या त्या मी घातल्यात, पोटभर.

तेर गावात आमचं माळवदाचं घर. पुढं आप्पांचं किराणा दुकान, मागं दोन खोल्या. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला अन् चिखल, अन् त्यावर हातभर पांढरी माती. ही पांढरी गावातल्या जुन्या टेकाडावरून आणायची. खणताना मणी निघायचे, बांगड्यांचे तुकडे निघायचे, ते आम्ही पोरी खेळायला घ्यायचो. बाहेर ऊन मी म्हणत असलं तरी आत आलं की घाम वाळायचा, अन् थंडीत आत ऊब असायची. पण माळवदाला दरसाल चाकरी लागती. मिरगाच्या आधी वर चढा, भेगा बुजवा, नवी पांढरी टाका, चोपून काढा. एक साल आळस केला की पावसाळाभर घरात पातेली मांडून बसा. आप्पांनी दोन सालं आळस केला, अन् आतली खोली गळायला लागली.

तेव्हा आमच्याकडं मोगलाई होती, म्हणजे निजामाचं राज्य. दुसरी मोठी लढाई नुकती संपली होती अन् बार्शीच्या बाजारात पत्रे दिसायला लागले होते. बार्शी इंग्रजांच्या हद्दीत. तिथून काही आणायचं म्हणजे जकातीच्या नाक्यावर गाडी सोडून शिपायापुढं उभं राहायचं. आप्पा उभे राहिले. मला दिवस गेले होते, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं होतं. पुढं पावसाळाभर लेक अन् नातू त्याच खोलीत राहणार, त्यांच्या अंगावर थेंब पडता कामा नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

आमच्या माळवदाची चाकरी एक म्हातारे गवंडी करायचे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. पांढरी उकरायला तेच आले होते. ते म्हणाले, "सेठ, ये मिट्टी मत हटाओ. बैसाख में इस पत्रे पर रोटी सेकोगे." आप्पा हसले. म्हणाले, "चाचा, दरसालची मजुरी बुडाली म्हणून बोलताय व्हय?" चाचांनी खोरं उचललं अन् काम संपवलं. ती सगळी पांढरी आप्पांनी परड्यात पसरून टाकली.

चैत्र संपता संपता मी माहेरी आले अन् वैशाखात बाळंत झाले. मुलगा झाला. आप्पांनी दुकानात येईल त्याच्या हातावर साखर ठेवली.

आता आमच्याकडची रीत ऐका. बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही. दाराला गोधडी, खिडकीत पोतं कोंबलेलं, कानाला फडकं, अन् बाजेखाली निखाऱ्याची शेगडी. त्यात ओवा, शेपा टाकून सकाळ-संध्याकाळ शेक. आईची बाळंतपणं अशीच झाली होती, आजीचीही. ती सगळी माळवदाखाली. वर हातभर माती असली की शेगडी अंगाला गोड लागती. पत्र्याखालच्या बाईनं काय करायचं ते कुठल्याच म्हातारीला ठाऊक नव्हतं, कारण पत्र्याखाली आधी कुणी बाळंतच झालं नव्हतं. रीत जुनी अन् छत नवं, असा आमचा कारभार.

दुपारी पत्रा वाजायचा, टक टक टक. बाजेचं लाकूड हाताला चटका द्यायचं. मी आईला म्हणायची, "आई, शेगडी काढ गं, जीव चाललाय माझा." आई म्हणायची, "पहिलटकरणीला असंच वाटतंय. वारं शिरलं तर जन्माचं दुखणं व्हईल. सोस जरा." सोसलं.

अन् आप्पा? आप्पांना काय कळणार! बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणसानं पाऊल टाकायचं नसतं. बारा दिवस विटाळ. ते पुढं दुकानात बसायचे, दुकानावर जुनं माळवदच होतं. गार सावलीत बसून गोधडीपलीकडून विचारायचे, "बाई, बरी हायस ना? पावसाळ्यात बघ, एक थेंब यायचा न्हाय." मी आतून म्हणायची, "व्हय आप्पा." लई उकडतंय असं बापाला सांगायची लाज वाटायची. कसली लाज ती! जळो ती लाज.

पहिले चार-पाच दिवस लेकरू रडायचं. मग रडायचं थांबलं. सुईण म्हणाली, "लई गुणाचं लेकरू हाय." अंगावर घेतलं की दोन घोट ओढायचं अन् झोपायचं. सातव्या दिवशी दुपारी मी त्याच्या पाठीला हात लावला तर तव्यासारखी तापलेली. मी ओरडले. आई धावली. तिनं कपाळाला हात लावला अन् म्हणाली, "ताप भरला. गारठा बाधला लेकराला."

गारठा! वैशाखात, पत्र्याखाली, शेगडीवर! पण ताप आला म्हणजे गारठा बाधला, अन् गारठा म्हणजे शेक, हे आमच्या हाडात भिनलेलं. आईनं त्याला दुपट्यात गच्च गुंडाळलं अन् चुलीतून निखारे आणून शेगडी भरली. ती काही वैरीण नव्हती. तोंडानं तिचा देवीचा धावा चालला होता.

मी म्हणाले, "मी त्याला बाहेर लिंबाखाली नेते." उठलेही. आई दारात आडवी झाली. "सातव्या दिवशी उंबरा ओलांडणार? याड लागलं का तुला? दोघं मराल." मी तिला ढकलू शकले असते. अंगात तेवढी ताकद होती. मी नाही ढकललं. आजवर हजारदा मनातल्या मनात ढकललंय.

दिवस कलायच्या आत लेकरू गेलं.

आईनं हंबरडा फोडला, तेव्हा आप्पा गोधडी सारून आत आले. आल्याबरोबर थबकले. त्यांनी वर बघितलं. त्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. शेगडी दोन्ही हातांनी उचलून त्यांनी परड्यात फेकली, हात भाजले. मग मांडी घालून बसले अन् म्हणाले, "दे इकडं." मी दिलं. गावातल्या बायका सटवाईचं लिहिणं म्हणाल्या, कुणी नजर म्हणाल्या. आप्पांनी मांडीवरच्या लेकराचं दुपटं सोडलं.

दोन वर्षांनी मला पुन्हा दिवस राहिले. मोगलाई मोडायच्या धामधुमीचे दिवस होते, रस्त्यानं कुणी बैलगाडी जुंपायला धजत नव्हतं. तरी आप्पा मला न्यायला सासरी आले. ओसरीवर बसले अन् खाली बघून म्हणाले, "बाई, पत्रा काढला. चाचांच्या पाया पडलो. माळवद घातलंय पहिल्यासारखं. खोली गार हाय." सासूबाई जा म्हणाल्या, नवरा जा म्हणाला. मी खांबाला धरून उभी होते. म्हणाले, "आप्पा, मी तुमच्या घरी बाळंत व्हणार न्हाय." त्यांनी मान हलवली. पुढ्यातलं पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

मुलगी झाली, जगली. तिला घेऊन माहेरी जाईन म्हणत होते. आज राग होता, उद्या निघेल म्हणत होते. ती चार महिन्यांची असताना आप्पा गेल्याचा निरोप आला. मला पुढं पाच लेकरं झाली. आप्पांनी मांडीवर घेतलं ते एकच, अन् तेही गेलेलं.