प्लग माझ्या हातात होता

प्लग मी उपटला, मान वर केली, आणि तेव्हा मला दिसलं की वैशाली उलट्या पावलांनी पायऱ्या उतरत होती. डोळ्याला कॅमेरा, मागं न बघता... एक पायरी, मग दुसरी. त्यानंतरची पायरी जागेवरच नव्हती. तिचा दगड कधीच निखळून खाली गेलेला. खाली बारवेचं पाणी, दोन पुरुष खोल. वैशालीला पोहता येत नाही.

सूर्य बुडाला होता. वर रानात अजून उजेड होता, पण बारवेच्या पोटात जो काही उजेड होता तो आमच्या एका लाईटचा. त्या लाईटचा प्लग माझ्या हातात होता.

लाईट चालूच होती.

मी सत्तरीच्या पुढची बाई आहे. चौथी पास. पुंडलिकनगरला मुलीजवळ राहते. ज्या घरात बावीस प्रतिज्ञा चौकट करून भिंतीला लावलेल्या होत्या त्या घरात मी वाढले, आणि तसल्याच घरात मला दिली. भूत, करणी, अंगात येणं यातलं आमच्याकडं काही नाही. शेजारीण या पानावरचे लोकांचे भुताखेताचे अनुभव मोबाईलवर वाचून दाखवायची, तेव्हा मी म्हणायचे, या लोकांना कामधंदा नाही. आता मीच लिहायला बसले. याचाच मला राग आहे.

वैशाली माझी मुलगी. बेचाळीस वर्षांची आहे, फोटोग्राफर आहे. हा धंदा तिला तिच्या वडिलांकडून आला, ते आता नाहीत. ते लग्नाची व्हिडिओ शूटिंग करायचे आणि त्यांच्यामागं हॅलोजन धरून मी उभी असायचे. वीस वर्षं धरला. वैशाली आता लग्नाआधीचे फोटो काढते, नवरा-नवरीला रानात, डोंगरात, कुठं कुठं नेऊन. तिथं वीज नसते. आधी आमच्याकडं पेट्रोलचा जनरेटर होता, त्याची दोरी ओढून माझा खांदा गेला आणि त्याच्या आवाजात कुणाला काही ऐकू यायचं नाही. तो काढून मागच्या वर्षी तिनं बॅटरीची पेटी घेतली. घरून चार्ज करून न्यायची, लाईटचा प्लग तिच्यात खोचायचा, झालं. पेटीवर आकडे दिसतात : किती टक्के उरली, आणि किती वीज बाहेर चालली. पेटीजवळ बसायचं काम माझं. ते मला कुणी दिलेलं नाही, मीच घेतलंय.

या कामाचा आमच्या घरात एक नियम आहे. लाईट बंद करायच्या आधी मोठ्यानं हाक द्यायची, 'लाईट जाते.' समोरून 'जाऊ दे' असं उत्तर आलं तरच प्लग काढायचा. हा नियम वैशालीच्या वडिलांनी केला, आणि माझ्यामुळं केला. एका लग्नात मी न सांगता हॅलोजन बंद केला होता. त्या वेळी जिन्यावरून एक आचारी वरणाचं पातेलं घेऊन उतरत होता. त्याचे दोन्ही पाय भाजले. त्यानंतर इतक्या वर्षांत मी हाक दिल्याशिवाय कधी प्लग काढला नाही.

त्या दिवशी काढला.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. लासूर स्टेशनच्या अलीकडं, डांबरी रस्त्यापासून मैलभर आत, एका शेतात ही जुनी बारव आहे. शेत नवऱ्या मुलाच्या मामाचं. मुलगा अजिंक्य, मुलगी प्रांजल, आणि गाडी चालवायला स्वतः मामा. चारला या म्हणून सांगितलेलं, साडेचारला आले. मुलीचा गाऊन इतका लांब की गाडीच्या मागच्या सीटवर तो एकटाच बसून आला होता, आणि बसून बसून चुरगाळला होता.

मी आणि वैशाली बारवेच्या काठावर स्टँड उभा करत होतो. त्याला दगड बांधायचे होते, वारा होता. पेटी आमच्या गाडीजवळ होती. परत आले तर मामा गाडीच्या डिकीत चादर अंथरून गाऊनला इस्त्री करत होता. इस्त्रीची वायर आमच्या पेटीत. शिवाय मुलीचा केस कुरळे करायचा चिमटा आणि मुलाचा फोन. शंभर टक्के घेऊन आलेली पेटी चव्वेचाळीसवर आलेली.

मी मामाला विचारलं, हे काय चाललंय.

"मावशी, बॅटरीच हाय की," तो म्हणाला. "कुणाच्या घरची लाईट थोडीच जळतीय."

मी तिन्ही प्लग काढले आणि त्याच्या हातात दिले. तो हसला. म्हणाला, मावशी लई कडक हाय. मुलीनं तोंड पाडलं, एका बाजूचे केस राहिले होते. वैशालीनं मला डोळ्यांनी गप्प बसवलं. गिऱ्हाईकासमोर ती नेहमी असंच करते. पण माझं डोकं तिथंच फिरलं होतं.

लाईट लागली पाचच्या सुमारास. पेटी मी काठावर माझ्याशेजारी ठेवली. बाहेर जाणाऱ्या विजेचा आकडा एकशे नव्वदच्या आसपास, आणि टक्के उतरत चाललेले. जोडपं पायऱ्यांवर, वैशाली त्यांच्या अवतीभवती. तीस टक्क्यांना मी सांगितलं. पंधराला सांगितलं. आठला सांगितलं, की आता वर या, अंधार पडला आणि पेटी आपोआप बंद झाली तर या पायऱ्यांवरून तुम्ही येणार कसे.

वैशाली म्हणाली, "एकच, आई."

असले 'एकच' मी आठ-दहा मोजले. मुलगा मध्येच म्हणाला, आजींना घरी जायचं असेल तर मामा सोडतील. मुलगी हसली. वैशालीपण हसली... म्हणजे हसायचं म्हणून हसली असेल, पण मला ते लागलं.

पेटीनं तीन टक्क्यांना टूं-टूं सुरू केलं. मी पेटीवर वाकलेली होते, खाली बघत नव्हते. मनात आलं, घे आता, काढ फोटो. आणि प्लग उपटला. लोकांना मी सांगते की वर येण्यापुरती वीज वाचवायची होती. थोडं तेही होतं. पण खरं म्हणजे मी चिडून उपटला. हाक दिली नाही.

मग मान वर केली. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

लाईट गेलीच नाही. जराही कमी झाली नाही. वैशालीनं पाय मागं टाकायच्या आधी मान वळवून खाली बघितलं. तिला मोकळी जागा दिसली, तिनं पाय बाजूच्या दगडावर नेला आणि पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला. एवढंच. तिच्यासाठी काही झालंच नव्हतं.

मी पेटीकडं बघितलं. तीन टक्के. बाहेर जाणारी वीज — शून्य. हातातल्या प्लगकडं बघितलं. त्याची वायर माझ्या बोटांतून निघून गवतावरून स्टँडपर्यंत गेलेली, मध्ये दुसरं काही नाही. लाईटला तेवढी एकच वायर आहे.

पहिल्यांदा वाटलं, परत खोचावा. हात पेटीपर्यंत नेला आणि भीती वाटली की खोचला तर विझेल. का वाटलं ते मला विचारू नका. मी तशीच उभी राहिले, हात वर धरून. ओरडले तर ती दचकेल. म्हणून हळूच म्हटलं, "वैशाली, वर ये."

"एकच," ती म्हणाली.

इतका राग मला आयुष्यात आला नसेल. विझणार, आत्ता विझणार, असं वाटत होतं, आणि ती मुलाला सांगत होती की हनुवटी खाली घे, अजून थोडी, हां. नंतर फोटो मोजले तेव्हा कळलं, मी प्लग काढल्यावर तिनं नऊ काढले.

मग ते वर यायला लागले. मुलगी पुढं, मुलगा गाऊनचा घोळ गोळा करून तिच्यामागं. मुलीची टाच दोनदा घोळात अडकली, दोन्ही वेळा ती खाली बघून सावरली. खाली बघायला उजेड होता म्हणून. दोघं वर आली. सगळ्यांत शेवटी वैशाली, कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत फोटो बघत. तिचा दुसरा पाय गवतावर पडला आणि लाईट गेली.

बारवेत एकदम काळं झालं. खाली पाणी आहे की दगड आहे, काही कळेना.

वैशाली म्हणाली, "आई, हाक नाय दिलीस."

मी तिला प्लग दाखवला. ती म्हणाली, हां, काढलास ना, मग गुंडाळ आता. तिला वाटलं आत्ताच काढला. मामा गाडीजवळ होता, त्यानं लाईट जाताना बघितली, बाकी काही बघितलं नाही. मी वायर गुंडाळली. घरापर्यंत खिडकीबाहेर बघत आले. तिला वाटलं मी इस्त्रीवरून रुसले आहे.

तीन दिवसांनी ती फोटो निवडत बसली होती. मला हाक मारली. नऊपैकी सहाव्या फोटोत जोडप्याच्या डोक्यावर, वरच्या कोपऱ्यात, काठावर मी आहे. हात वर. हातात प्लग. शेजारी स्टँडवर लाईट जळतेय आणि तिचाच उजेड माझ्या हातावर पडलाय.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. चिडून काढला तेही सांगितलं.

तिनं फोटो मोठा करून प्लग बघितला. मग म्हणाली, "म्हणजे तू मला अंधारात सोडलं होतंस."

"व्हय," मी म्हटलं.

ती उठून भांडी घासायला गेली. भांडी मी सकाळीच घासली होती. तिनं तीच पुन्हा घासली.

मग सुरू झाले शहाणे लोक. गारखेड्यातल्या रिपेअरवाल्याकडं मी लाईट स्वतः घेऊन गेले. त्यानं ती खोलली. आत बॅटरी नाही, सेल नाही, वीज साठेल असं काही नाही. म्हणाला, बंद केल्यावर अशी लाईट फार तर दोन सेकंद राहते. म्हटलं, दोन सेकंदांत नऊ फोटो निघतात का, आणि तीन माणसं पायऱ्या चढतात का? तर म्हणतो, आजी, तुम्ही चुकून दुसरा प्लग काढला असेल. दुसरा प्लग नव्हताच, दुसरे मीच काढून मामाच्या हातात दिले होते. मी फोटो दाखवला. तो म्हणाला, आजकाल फोटोत काहीही करता येतं. माझी मुलगी फोटोत माझ्या हातात प्लग चिकटवत बसेल का?

मामाला वैशालीकडून कळलं. त्याचा फोन आला की बारवेत साती आसरा आहेत, त्यांनी राखलं. मी म्हटलं, तुम्हीच सांगता त्या माणसाला पाण्यात ओढतात. तो म्हणाला, ओढतात बी आन् राखतात बी. दुसऱ्या दिवशी त्यानं तिथं जाऊन नारळ फोडला. आणि हो, केस राहिले ते फोटोत दिसतंय, परत काढून मिळतील का, असंही त्यानं त्याच फोनवर विचारलं.

शेजारीण म्हणाली, वैशालीच्या वडिलांनीच लाईट धरली. डोळे पुसत म्हणाली. मी नवरा चांगला ओळखते. जेवायला बसा म्हणून तीन हाका मारल्याशिवाय तो माणूस जागचा हलत नव्हता. आणि इथं तर मी एकही हाक दिली नव्हती.

मला यातलं काहीच पटत नाही, आणि माझ्याकडं दुसरं काही नाही. ती पेटी आणि ती लाईट मी घरी किती वेळा लावून बघितली. प्लग काढला की लाईट जाते, लगेच. आचाऱ्याचे पाय भाजले तेव्हा मला सगळ्यांनी बोल लावला, मी ऐकून घेतला, आणि विषय संपला. या वेळी काही झालंच नाही, त्यामुळं बोल लावायला कुणी नाही. जे व्हायला पाहिजे होतं ते झालं नाही, आणि का झालं नाही ते कुणी सांगत नाही. हे असं घेऊन मी कुठं बसू?

वैशाली अजून मला शूटला नेते. पेटीजवळ मीच बसते. फक्त आता लाईटचा प्लग खोचल्यावर ती त्याच्यावरून काळी चिकटपट्टी गुंडाळते, तीन-चार वेढे, घट्ट. वाऱ्यानं निघतो, असं सांगते. मी बघते.

हे मी वहीत लिहिलं, तिनं टाईप केलं. एक शब्द बदलला नाही म्हणते.

त्या संध्याकाळी प्लग माझ्या हातात असताना बारवेत तीन माणसं होती. प्रांजल, अजिंक्य आणि माझी वैशाली. तिघंही वर आली.