माउंटखालचा बूट

मास्तर फोटोक्लबात शिरले ते पडद्याच्या वाटेने. अकरा वर्षांपूर्वी क्लबला एक काळा पडदा हवा होता. टेलरमास्तर तो शिवून द्यायला गेले आणि तिथंच राहिले. पडदा अजून आहे, आणि त्याचा एक टाका उसवलेला नाही हे मास्तर दर सभेला कुणाला ना कुणाला दाखवतातच.

क्लब म्हणजे वाचनालयाच्या माडीवरची एक खोली आणि अठरा खुर्च्या, त्यातली एक लंगडी. सभा रविवारी सकाळी. अध्यक्ष दातांचे डॉक्टर, आणि दवाखाना घरी ठेवून येणं त्यांना कधी जमलंच नाही. कुणाच्याही फोटोवर बोलण्याआधी ते म्हणत, "जरा टोचेल हं. हलू नका." मग टोचत. "क्षितिज तिरकं आहे. कधीपासून? मग आधीच यायचं ना दाखवायला!"

मास्तरांचे फोटो त्यांनी अकरा वर्षं टोचले. बक्षीस सोडा, उत्तेजनार्थसुद्धा नाही. पण एका बाबतीत मास्तरांवाचून क्लबाचं पान हलत नसे. फोटोभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट लागते, तिला माउंट म्हणतात. पुठ्ठ्याला मधोमध खिडकी कापायची, फोटो मागून बसवायचा आणि तपकिरी पट्टी मारून पाठ बंद करायची. सगळ्यांचे माउंट मास्तर कापत. "आमच्याकडं मापात पाप नाही," असं म्हणत आणि पाती चालवत.

वार्षिक स्पर्धेला एकोणीस फोटो आले. स्पर्धेत फोटोवर नाव नसतं, पाठीवर नुसता आकडा. कुणाचा कुठला, हे एकट्या मास्तरांना ठाऊक. शिवाय परीक्षक बोलत असताना सभासदांनी तोंड उघडायचं नाही, हाही नियम. दातांच्या डॉक्टरानं केलेला असा नियम जगात दुसरीकडं नसेल.

सात नंबरचा फोटो ताईंचा होता. ताई म्हणजे खालच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल, क्लबात येऊन जेमतेम दोन वर्षं झालेल्या. बसथांब्यावरचं रिकामं बाकडं, त्यावर उन्हाची तिरीप, आणि उजव्या कडेला, अगदी कडेला, एका बुटाचं आणि काठीचं टोक. माणूस चौकटीबाहेर. बघणाऱ्याला वाटे, कुणीतरी आत्ताच उठून गेलंय, नाहीतर आत्ता टेकणार आहे.

मास्तरांनी दुकानात तो फोटो मशीनच्या फळीवर ठेवला आणि हातातली पट्टी बाजूला ठेवून बराच वेळ बघितला. मग स्वतःशीच म्हणाले, "कडेला धागा लोंबतोय."

शिंप्याचा हात तो. लोंबता धागा दिसला की कात्री चालणारच. मास्तरांनी खिडकी उजवीकडून दोन बोटं आत घेतली. फोटोला कात्री लावली नाही, हं! शिवणीत माया सोडतात तसा तेवढा भाग पुठ्ठ्याखाली दडपला. बूट गेला, काठी गेली. पट्टी मारली, पाठीवर सात लिहिलं.

मग आपला फोटो घेतला, आठ नंबरचा. इस्त्रीच्या वाफेत अर्धी हरवलेली बायको. त्याची खिडकी त्यांनी तीनदा मोजून कापली.

परीक्षक बाहेरचे पाहुणे होते, वर्तमानपत्रासाठी फोटो काढता काढता केस पांढरे केलेले. ते प्रत्येक फोटोसमोर "हं" म्हणत, मागे सरत, लंगड्या खुर्चीला धडकत आणि पुन्हा "हं" म्हणत. सातसमोर त्यांचं एकच हं झालं. "ऊन सुंदर. पण बाकडं रिकामं. म्हणजे कसं, जेवायला बोलावलं आणि ताटच मांडलं नाही."

सगळे हसले. मधल्या रांगेत ताईंनी मान पुढं काढली, डोळे बारीक केले, तोंड उघडलं आणि नियम आठवून मिटलं. मास्तर पडद्यापाशी उभे होते. 'साहेब, खिडकी चुकलीय, दोन मिनिटं द्या,' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मास्तरांनी खाली वाकून पडद्याचा टाका तपासला.

आठसमोर तीन वेळा हं झालं. पहिलं बक्षीस! मुठीएवढा पितळी कॅमेरा मास्तरांच्या हातात देत अध्यक्ष ओरडले, "अकरा वर्षांनी अक्कलदाढ आली हो मास्तरांना!"

जिन्यात ताई भेटल्या. "अभिनंदन, मास्तर. माझंच मेलं माप चुकलं असणार. बूट काठाला फार चिकटवून घेतला होता मी. पुठ्ठ्याखाली जाणारच."

"होतं असं कधीकधी," मास्तर म्हणाले. हे आपलंच वाक्य घरी जाईपर्यंत त्यांच्या दातांत खड्यासारखं लागत राहिलं.

घरी बायको म्हणाली, "वाफेत माझं नाकसुद्धा दिसत नाही आणि म्हणे पहिला नंबर. दिसले असते तर काय झालं असतं?" तिनं पितळी कॅमेरा कपाटावर मांडला. दुसऱ्या दिवशी तो बटणांच्या डब्यात सापडला.

"हा इथं का?"

"वर धूळ बसते."

"असं होय!" तिनं नवऱ्याचं तोंड न्याहाळलं. "कुणाचं काय बिघडवून ठेवलंयत? गिऱ्हाइकाचं कापड आखूड कापलंत की असाच चेहरा असतो तुमचा."

मास्तर म्हणाले, सुईत दोरा ओवायचाय. ओवलेलीच सुई होती ती.

फोटो आठवडाभर वाचनालयात टांगलेले होते. शेवटच्या दिवशी ताईंचे वडील आले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. रोज बसथांब्यावर जाऊन बसणारे आणि एकाही बसमध्ये न चढणारे. सोबत थांब्यावरचे दोन दोस्त.

"चला, चला, सात नंबर. अख्खा मी नाहीये हां त्यात, बूटच आहे. पण बघताक्षणी कळतं, हा आप्पाच." फोटोसमोर येऊन ते थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ए पोरी, माझा बूट कुठाय?"

"नाही आला, आप्पा. चुकलं माझं."

"असं कसं? घरी होता की! मी म्हटलं दुसरे घालतो, ह्यांचा तळ निघालाय, तर तूच म्हणालीस हेच पाहिजेत!"

"स्वप्नात काढला असेल फोटो," एक दोस्त म्हणाला.

"तू गप रे!" आप्पांनी माउंट भिंतीपासून थोडा उचलला आणि मागं वाकून बघितलं, जणू बूट तिथं लपून बसला होता.

मास्तर पलीकडं एक वाकडा झालेला फोटो सरळ करत होते. तो तसाच वाकडा सोडून ते आले. "आहे, आप्पा. तुमचा बूट आहे." त्यांनी सात नंबर उतरवून टेबलावर पालथा घातला आणि खिशातून पाती काढली.

"मास्तर!" अध्यक्ष धावले. "निकालानंतर माउंट उघडायचा नाही! नियम आहे!"

"जरा टोचेल, डॉक्टर. हलू नका."

पट्टी टरटरत निघाली. फोटो बाहेर आला.

"हा बघा! हा! तळसुद्धा दिसतोय!" आप्पांनी दोस्ताची मान धरून फोटोवर वाकवली.

ताई मात्र फोटोकडं बघत नव्हत्या. त्यांनी रिकामा पुठ्ठा उचलला, फोटोवर ठेवला आणि उजवीकडं बोटं टेकवली. दोन बोटं.

"मास्तर, माझं माप चुकलं नव्हतं."

"नाही."

"बूट दिसला नव्हता तुम्हाला?"

धागा वाटला, हे उत्तर आठवडाभर तयार होतं, इस्त्री करून घडी घातलेलं. "दिसला होता," मास्तर म्हणाले. "धागा आहे असं म्हटलं मी. पण नव्हता वाटला. तरी कापलं."

"का?"

"फोटो चांगला होता. माझ्याहून चांगला."

अध्यक्षांना पहिल्यांदाच टोचायला काही सापडेना. मास्तरांनी खिशातून पितळी कॅमेरा काढून ताईंसमोर ठेवला. आज निघताना तो बटणांतून का उचलला, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

ताईंनी तो बोटानं मागं सरकवला. "हे कशाला? परीक्षकांनी तुमचा फोटो बघून दिलंय. माझा त्यांनी बघितलेलाच नाही."

मास्तरांनी तो कॅमेरा पुन्हा खिशात टाकला. परत करायचीही सोय राहिली नव्हती.

"नवा पुठ्ठा द्या," ताई म्हणाल्या. "पाती पण. मीच कापते."

त्यांनी कापलं. पाती दोनदा घसरली. मास्तरांचा हात दोनदा पुढं गेला आणि दोनदा त्यांनी तो खिशात घातला. खिडकी वरून तिरकी झाली, खाली पुठ्ठ्याचे पापुद्रे निघाले. पण बुटाचं टोक अख्खं दिसत होतं, काठीसकट. दोन तास उरले होते, तेवढ्यापुरता फोटो पुन्हा टांगला.

"मास्तर, बुटाचा तळ शिवता का हो?" आप्पांनी विचारलं.

"नाही, आप्पा. आम्ही कापडवाले."

"मग राहू दे. आता फोटोत आलाय तसाच बरा."

संध्याकाळी मास्तरांनी अठरा फोटो उतरवले, एकावर एक रचले, सुतळी बांधली. एकोणिसावा भिंतीवर तिरका दिसत होता. ताई पलीकडं वाचनालयाच्या खिडक्या लावत होत्या. मास्तरांनी त्या फोटोला हात लावला नाही. ताई येईपर्यंत त्याच्याजवळ उभे राहिले.